अमेरिकेतील अंत्यसंस्काराचा खर्च : दरपत्रकातील एका ओळीची पार्श्वभूमी

अमेरिकेत कोणीही फ्युनरल होममध्ये, म्हणजे अंत्यसंस्काराची सगळी व्यवस्था पैसे घेऊन करणाऱ्या संस्थेत, जाऊन दरांची चौकशी केली, की तेथील कर्मचाऱ्याला छापील दरपत्रक विचारणाऱ्याच्या हाती द्यावे लागते. ते घरी नेता येते आणि दुसऱ्या ठिकाणच्या दरपत्रकाशेजारी ठेवून वाचता येते. फोनवर विचारले तरी दर सांगावे लागतात. आधी नाव-पत्ता द्या, अशी अट घालता येत नाही. हा हक्क १९८४ पासूनचा आहे. दफन करायचे की दहन, आणि त्याला किती पैसे पडतील, या प्रश्नाचे उत्तर आज तिथे ज्या कागदावरून शोधले जाते, तो कागद एका दीर्घ वादातून तयार झाला. त्या वादात ग्राहकांच्या पदरात बरेच काही पडले, पण एक महत्त्वाची गोष्ट निसटली. या टिपणात त्या निसटलेल्या गोष्टीला जास्त जागा दिली आहे.

त्याआधीचा काळ थोडक्यात पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मृतदेह घरीच ठेवला जाई, घरची आणि शेजारची माणसेच तयारी करत, शवपेटी गावातला सुतार करून देई. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात हजारो सैनिक घरापासून दूर मेले आणि ज्यांना परवडत होते त्यांनी देहावर रसायनांची प्रक्रिया करवून तो रेल्वेने गावी आणवला. १८६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांची हत्या झाल्यावर त्यांचे पार्थिव वॉशिंग्टनहून स्प्रिंगफील्डपर्यंत रेल्वेने नेले, ठिकठिकाणी लोकांनी दर्शन घेतले, आणि एम्बामिंग, म्हणजे देह टिकवणारी ती रासायनिक प्रक्रिया, ही सामान्य माणसाच्याही कल्पनेत बसणारी गोष्ट झाली. पुढच्या दोन पिढ्यांत मृतदेह घरातून फ्युनरल होममध्ये गेला. दफनभूमीही चर्चच्या आवारातून शहराबाहेरच्या बागेसारख्या जागेत गेली होती. बॉस्टनजवळची १८३१ ची दफनभूमी हे त्याचे पहिले मोठे उदाहरण. दहनासाठीची पहिली आधुनिक भट्टी १८७६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील वॉशिंग्टन नावाच्या छोट्या गावात एका डॉक्टरने स्वतःच्या जमिनीवर बांधली. दफनभूमीमुळे आसपासचे पाणी दूषित होते, अशी त्याची खात्री होती. पण लोक तिकडे वळले नाहीत. १९६० मध्येही शंभरातील चारजणांचेसुद्धा दहन होत नव्हते.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फ्युनरल होममध्ये दर सांगण्याची एकच रीत होती: दालनात शवपेट्या मांडलेल्या असत आणि प्रत्येक पेटीवर एक आकडा असे. त्या एका आकड्यात पेटी, एम्बामिंग, दर्शनाचे दालन, गाडी, माणसांचे श्रम असे सगळेच येई. एखाद्याने म्हटले, आम्हाला एम्बामिंग नको, तर आकडा कमी होईलच असे नव्हते. महाग पेटी निवडणाऱ्याला बाकी सेवा त्याच मिळत, पैसे मात्र जास्त पडत. मरणाच्या दुसऱ्या दिवशी, झोप न झालेल्या अवस्थेत, चार ठिकाणी फिरून चौकशी करण्याचे बळ कोणत्या घरात असते? या परिस्थितीवर १९६३ मध्ये एक पुस्तक आले, त्याचा प्रचंड खप झाला आणि अंत्यसंस्काराचा खर्च हा प्रथमच राष्ट्रीय चर्चेचा विषय बनला. त्याच वर्षी कॅथलिक चर्चने दहनावरील बंदी सैल केली. सरकारी मदतीचे म्हणाल तर सामाजिक सुरक्षा योजनेतून मृत्यूनंतर मिळणाऱ्या एकरकमी रकमेची कमाल मर्यादा १९५४ मध्ये २५५ डॉलर झाली आणि आजही ती तेवढीच आहे.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला केंद्रीय व्यापार नियामकाने राजधानीतील फ्युनरल होमच्या दरांची पाहणी केली. १९७५ मध्ये नियमाचा मसुदा आला आणि देशभर सुनावण्या झाल्या. व्यवसायाकडून कडवा विरोध झाला. हा विषय राज्यांच्या परवाना मंडळांचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्या मंडळांवर बहुतेक ठिकाणी व्यवसायातलीच माणसे बसलेली असत. १९८० मध्ये संसदेने कायदा करून या नियमाला कुंपण घातले: दर उघड करायला लावा, खोटी माहिती देण्यास मनाई करा, एक वस्तू घेतल्याशिवाय दुसरी नाही अशी सक्ती थांबवा, पण त्यापलीकडे फारसे जाऊ नका. १९८२ मध्ये नियम मंजूर झाला, न्यायालयातही टिकला आणि ३० एप्रिल १९८४ पासून पूर्णपणे लागू झाला. आता प्रत्येक सेवेचा आणि वस्तूचा दर वेगळा द्यावा लागणार होता. काही विशिष्ट प्रसंग वगळता एम्बामिंगची कायद्याने सक्ती नाही, हे लेखी सांगावे लागणार होते. थेट दहनासाठी, म्हणजे दर्शन आणि समारंभ न करता केलेल्या दहनासाठी, शवपेटी घ्यावीच लागते, असे म्हणता येणार नव्हते. साधा पुठ्ठ्याचा किंवा प्लायवूडचा खोका चालतो, हे सांगणे बंधनकारक झाले.

निसटलेली गोष्ट इथेच आहे. दरपत्रकातील जवळपास प्रत्येक ओळ नाकारता येते, पण एक ओळ नाकारता येत नाही: ‘संचालक आणि कर्मचारी यांच्या मूलभूत सेवा’. कुटुंबाशी पहिली बैठक, परवाने, मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती, दफनभूमी किंवा दाहगृहाशी समन्वय, देह सुरक्षित ठेवणे हे सारे तिच्यात येते. याखेरीज इमारत, वीज, विमा, चोवीस तास उपलब्ध असलेली माणसे यांचा वरखर्चही तिच्यात घालता येतो. १९९४ च्या दुरुस्तीने हे पक्के केले: असे शुल्क एकच असावे, त्याचा अर्थ लेखी सांगावा, बाकी सर्व काही नाकारता येण्याजोगे असावे. या शुल्काला कमाल मर्यादा मात्र घातली नाही.

व्यवसायाची बाजू पोकळ नव्हती. रात्री तीन वाजता फोन उचलणारा माणूस पगारावर असतो. त्या रात्री फोन आला नाही तरी त्याचा पगार चुकत नाही. हा खर्च कुठल्या तरी ओळीत धरावाच लागतो. तो पेटीच्या किमतीत लपण्यापेक्षा उघडपणे लिहिला जावा, हा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. पण परिणाम पाहा. मोठे दालन, तीन गाड्या आणि दोन दिवसांचे दर्शन घेणारे कुटुंब आणि यातले काहीही न घेणारे कुटुंब, दोघेही त्या इमारतीचा वरखर्च सारखाच भरतात. वेगवेगळे दर मांडण्यामागे हेतू होता की ज्याला कमी हवे त्याने कमी द्यावे. नेमक्या त्याच माणसावर या ओळीचा सर्वांत जास्त भार पडतो. या निर्णयाचे समर्थन मला आजवर पटलेले नाही.

त्याच १९९४ च्या दुरुस्तीत ग्राहकाच्या बाजूचा एक मोठा निर्णयही होता. बाहेरून स्वस्त पेटी आणणाऱ्या कुटुंबाकडून काही फ्युनरल होम ‘हाताळणी शुल्क’ घेऊ लागली होती, आणि ते इतके असे की बाहेरून पेटी आणण्याचा फायदाच उरत नसे. ते शुल्क बंद झाले. व्यावसायिकांच्या एका संघटनेने त्याला आव्हान दिले, पण अपील न्यायालयाने बंदी कायम ठेवली. मग पेट्या विकणारी स्वतंत्र दुकाने आली, पुढे त्या इंटरनेटवर आणि घाऊक विक्रीच्या दुकानांतही मिळू लागल्या. काही राज्यांनी पेटी विकण्यासाठीही फ्युनरल संचालकाचा परवाना मागितला. त्यावर न्यायालयांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. टेनेसीचा तसा कायदा २००२ मध्ये रद्द झाला, ओक्लाहोमाचा २००४ मध्ये टिकला, आणि लुइझियानात साध्या लाकडी पेट्या करून विकणाऱ्या एका मठातील भिक्षूंनी २०१३ मध्ये आपला खटला जिंकला. पेटीवरचा नफा असा आक्रसू लागल्यावर व्यावसायिकाकडे आधार कोणता उरला? न टाळता येणारी ती ओळ. १९९९ मध्ये सुरू झालेल्या फेरआढाव्यात ती काढून टाकण्याची मागणी झाली. २००८ मध्ये आढावा संपला तेव्हा नियम होता तसाच ठेवण्यात आला.

या ओळीचे वजन किती, ते व्यवसायाच्याच राष्ट्रीय संघटनेच्या २०२१ च्या आकड्यांतून दिसते. दर्शन, समारंभ आणि दफन असलेल्या अंत्यसंस्काराचा मध्यक खर्च (निम्म्यांचा याहून कमी, निम्म्यांचा जास्त) ७,८४८ डॉलर होता. दर्शन, समारंभ आणि दहन असलेल्याचा ६,९७१. फरक ८७७ डॉलरचा. दोन्ही यादी शेजारी ठेवल्या तर ४,९९८ डॉलरच्या ओळी जशाच्या तशा समान निघतात: देह आणणे ३५०, एम्बामिंग ७७५, इतर तयारी २७५, दर्शनाचे दालन ४५०, समारंभ ५१५, आणखी काही किरकोळ, आणि या सगळ्यांच्या वर मूलभूत सेवांचे २,३००. प्रत्यक्ष दहनाचे शुल्क अवघे ३६८ डॉलर होते. दहन स्वस्त असते, हे वाक्य तिथे सर्रास ऐकू येते आणि त्यावर विसंबून कुटुंबे निर्णय घेतात. खर्च ठरतो तो मुख्यतः एम्बामिंग, दर्शन, दालन आणि पेटी यांतले काय घेतले यावरून. शेवटी अग्नी की माती, यावरून त्यामानाने कमी.

या कोंडीतून बाहेर पडण्याची वाट नियमातच आहे आणि ती फार लोकांना माहीत नसते. चार गोष्टींचा दर एकत्रित द्यावा लागतो: थेट दहन, तत्काळ दफन (तेही दर्शन-समारंभाविना), पार्थिव दुसऱ्या गावी पाठवणे आणि दुसऱ्या गावाहून आलेले ताब्यात घेणे. या चारही दरांत मूलभूत सेवांचे शुल्क आधीच धरलेले असते. वर पुन्हा लावता येत नाही. म्हणून थेट दहनाची ओळ ही सुट्या ओळींच्या बेरजेपेक्षा पुष्कळदा कमी भरते. तत्काळ दफनाचेही तसेच. ज्यांना दफनच हवे, पण दर्शन आणि दालन नको, त्यांनी आधी ही ओळ पाहावी. दफन म्हटले की मोठा खर्च आलाच, असे समजून अनेकजण तिथपर्यंत पोचतच नाहीत. दोन ठिकाणांची तुलना करायचीच असेल तर ती या ओळींची करावी. अर्थात थेट दहनाच्या दरात दाहगृहाचे शुल्क धरले आहे की नाही, हे विचारून घ्यावे लागते.

दहनाचे प्रमाण सत्तरच्या दशकापासून चढत गेले आणि २०१६ च्या सुमारास निम्म्याच्या वर गेले. धार्मिक बंधने सैल झाली होती, माणसे जन्मगावापासून दूर राहू लागली होती, आणि पैशाचा विचार तर होताच. दफनाच्या खर्चाचा दुसरा अर्धा भाग मात्र या सगळ्या सुधारणांच्या बाहेर राहिला. वर दिलेल्या ७,८४८ डॉलरमध्ये दफनभूमीचा एकही पैसा नाही. जागा, खोदाई, दगड हे वेगळे. पेटीभोवतीचा काँक्रीटचा व्हॉल्ट, ज्याचा २०२१ मधील मध्यक दर १,५७२ डॉलर होता, त्याची सक्ती सहसा कायद्याची नसते. जमीन खचू नये म्हणून दफनभूमीच ती करते. आणि ज्या दफनभूमी फक्त जागा आणि खोदाई विकतात, त्यांना १९८४ चा नियम लागूच नाही. छापील दरपत्रक देण्याचे बंधन त्यांच्यावर केंद्राने घातलेले नाही. माजी सैनिकांची स्थिती वेगळी आहे: राष्ट्रीय दफनभूमीत पात्र सैनिकाला जागा, खोदाई आणि स्मृतिशिला विनामूल्य मिळते.

अलीकडच्या वादाचा विषय आहे दरपत्रक इंटरनेटवर टाकणे. कॅलिफोर्नियाने २०१३ पासून संकेतस्थळ असलेल्या फ्युनरल होमवर याबाबत बंधन घातले, पण दरपत्रकाऐवजी त्यात कोणत्या वस्तू-सेवा आहेत त्यांची यादी दिली तरी चालते, अशी पळवाट ठेवली. केंद्रीय नियमात असे बंधन नाही. तो १९८४ मध्ये लागू झाला तेव्हा दारात जाणे आणि फोन करणे हेच दोन मार्ग होते. २०२० मध्ये नव्याने आढावा सुरू झाला, २०२२ मध्ये बदलांविषयी जाहीर विचारणा झाली, २०२३ मध्ये सार्वजनिक चर्चासत्र झाले. जानेवारी २०२४ मध्ये नियामकाने ओळख न देता अडीचशेहून अधिक ठिकाणी फोन केल्याचे जाहीर केले; ३९ ठिकाणांना नियमभंगाबद्दल पत्रे गेली. फोनवर दर सांगणे हे नियमातले सर्वांत साधे कलम आहे, आणि चाळीस वर्षांनीही ते सर्वत्र पाळले जात नाही.

२०२२ च्या विचारणेत आणखी एक प्रश्न होता. मधल्या काळात दफन आणि दहन यांखेरीज पर्याय आले. १९९८ मध्ये साऊथ कॅरोलिनात रसायने आणि व्हॉल्ट टाळणारी पहिली नैसर्गिक दफनभूमी सुरू झाली. मिनेसोटाने २००३ मध्ये पाणी आणि अल्कलीच्या साहाय्याने देह विरघळवण्याच्या पद्धतीला मान्यता दिली. वॉशिंग्टन राज्याने २०१९ मध्ये देहाचे मातीत रूपांतर करण्याचा कायदा केला. त्यामागून कोलोरॅडो, ओरेगन, व्हरमाँट, कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क आले. जुना नियम मात्र थेट दहन करून देणाऱ्याला साधा खोका उपलब्ध ठेवायला लावतो, आणि या नव्या पद्धतींना तो खोका लागत नाही. त्यांना दरपत्रकात स्वतंत्र एकत्रित ओळ द्यायची का, असे नियामकाने विचारले. ती ओळ दिली आणि मूलभूत सेवांचे शुल्क तिच्या आतच धरले, तर साधा मार्ग निवडणाऱ्याला १९८४ मध्ये जे चार ठिकाणी मिळाले ते पाचव्या ठिकाणीही मिळेल. ते बाहेर ठेवले, तर नवी पद्धत कितीही साधी असो, दोन-अडीच हजार डॉलरच्या त्या ओळीनेच तिचे बिल सुरू होईल.