पडदा चिकटला, पण दिसतं कसं?

डोळ्याच्या आतला मागचा पडदा, म्हणजे रेटिना, सरकल्यावर केलेल्या शस्त्रक्रियांपैकी किती यशस्वी होतात, असं विचारलं की आज बहुतेक डॉक्टर नव्वद टक्क्यांच्या आसपासचा आकडा सांगतात. मात्र ‘यशस्वी’ या शब्दाचा अर्थ गेल्या शंभर वर्षांत बराच बदलला आहे.

1851 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने डोळ्याच्या आत डोकावायचं उपकरण, ऑफ्थॅल्मोस्कोप, जगापुढे आणलं आणि जिवंत माणसाच्या डोळ्याचा तळ पहिल्यांदा नीट दिसू लागला. सुटलेला रेटिना दिसायचा, पण त्यावर उपाय नव्हता. रुग्णाला दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधून आठवडेच्या आठवडे निजवून ठेवत. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांकडे 1912 साली चौकशी झाली, तेव्हा बरे होण्याचं प्रमाण निघालं हजारात एक. तेही बहुधा आपोआपच झालेले असावेत!

हे चित्र पालटलं ते स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ज्यूल गोनँ या नेत्रतज्ज्ञामुळे. रेटिना ओल धरलेल्या भिंतीच्या पोपड्यासारखा आपसूक सुटत नाही. वय वाढतं तसा डोळ्यातला जेलीसारखा पदार्थ पातळ होतो, आक्रसतो आणि पडद्याला ओढ देतो. त्या ओढीने पडदा फाटतो आणि फटीतून पाणी मागे शिरतं. गोनँचा आग्रह एवढाच होता, की ती फट शोधा आणि बुजवा. ती घड्याळाच्या कोणत्या काट्यावर, कडेपासून किती अंतरावर आहे, हे तो मोजायचा. मग डोळ्याच्या पांढऱ्या आवरणावर बाहेरून नेमकी तीच जागा हेरून तिथे तापवलेलं टोक खुपसायचा. ऐकूनच अंगावर काटा येतो, पण साधारण निम्मे रुग्ण बरे होऊ लागले. बाकीच्यांना हे पटायला मात्र दहाएक वर्षं गेली. 1929 च्या ॲम्स्टरडॅममधल्या नेत्रतज्ज्ञांच्या परिषदेनंतर विरोध मावळला.

पुढची पायरी बकलची. फट जिथे आहे तिथे डोळ्याच्या बाहेरून पट्टी शिवायची, म्हणजे भिंतच आत दबून पडद्याला टेकते. कुस्टोडिसने 1949 मध्ये जर्मनीत आणि शेपेन्सने 1951 पासून बॉस्टनमध्ये ही पद्धत रुजवली. शेपेन्सने दोन्ही डोळ्यांनी पाहण्याचा, डोक्यावर बसवायचा ऑफ्थॅल्मोस्कोपही घडवला. माझ्या मते त्याचं मोठं काम तेच, कारण कोपऱ्यातल्या बारीक फटी त्यामुळे सापडू लागल्या. यशाचं प्रमाण ऐंशीच्या पुढे गेलं.

तरी काही डोळे हाताबाहेरचेच राहत. त्यांच्यासाठी मायामीत रॉबर्ट माखेमरने डोळ्यातली जेलीच काढायचं ठरवलं. एकाच वेळी कापणारं, ओढून घेणारं आणि त्या जागी पाणी भरणारं उपकरण त्याने बनवलं, त्याची चाचणी अंड्यातल्या पांढऱ्या बलकावर घेतली आणि 1970 मध्ये पहिली व्हिट्रेक्टमी केली. जोडीला पडदा आतून दाबून धरायला गॅस आला, सिलिकॉन तेल आलं; फट बुजवायला लेझर आला. गॅसचा बुडबुडा वर जातो, म्हणून फट वरच्या बाजूला येईल अशी मान धरून दिवसचे दिवस काढावे लागतात. ज्यांनी ते केलंय, त्यांना ऑपरेशनपेक्षा मानच जास्त आठवते.

इतकं होईपर्यंत हिशेब एकच होता: पडदा चिकटला की नाही. पण पडद्याच्या मध्यभागचा, बारकावे दाखवणारा मॅक्युला आधीच सुटलेला असेल, तर पडदा चिकटूनही दृष्टी पूर्वीसारखी येईलच असं नाही. तिथल्या पेशींची उपासमार झालेली असते. म्हणूनच मॅक्युला अजून जागेवर असलेल्या रुग्णाला डॉक्टर घाईने शस्त्रक्रियेला घेतात. आणि तक्त्यावरची अक्षरं वाचता आली, तरी दाराची चौकट वाकडी दिसते, ही तक्रार उरतेच.

टोरांटोच्या पिव्हट चाचणीचे 2019 मध्ये आलेले निष्कर्ष म्हणूनच लक्षात राहतात. 176 रुग्णांपैकी काहींना नुसता गॅसचा बुडबुडा सोडून फट लेझरने किंवा गोठवून बुजवली, बाकीच्यांची व्हिट्रेक्टमी केली. पहिल्याच प्रयत्नात पडदा चिकटला गॅसवाल्यांमध्ये 80.8 टक्के, व्हिट्रेक्टमीत 93.2 टक्के. जुन्या हिशेबाने व्हिट्रेक्टमी सरळ जिंकली. पण वर्षभराने गॅसवाले तक्त्यावर सरासरी पाचेक अक्षरं जास्त वाचत होते आणि वाकडं दिसण्याची तक्रारही त्यांच्यात कमी होती. मात्र यात घेतलेल्यांच्या फटी वरच्या भागातल्या आणि मोजक्याच होत्या. खालच्या फटींना बुडबुडा पोचत नाही. ज्यांचा गॅस फसला त्यांच्यावर पुढे दुसरी शस्त्रक्रिया झाली आणि अखेरीस दोन्ही गटांत पडदा चिकटण्याचं प्रमाण जवळपास सारखंच, 98 टक्क्यांच्या वर भरलं.