एएनए पॉझिटिव्ह आलं, आता पुढे काय?

रिपोर्ट मोबाइलवर येतो, बहुतेक वेळा संध्याकाळी, दवाखाना बंद झाल्यावर. पीडीएफ उघडली की एका ओळीत ठळक अक्षरांत असतं: एएनए पॉझिटिव्ह, १:८०, स्पेकल्ड. तपासणी लिहून दिलेली असते सांधेदुखीसाठी, केसगळतीसाठी किंवा महिनोन्‌महिने न जाणाऱ्या थकव्यासाठी. नेटवर शोधलं की पहिला शब्द दिसतो ल्युपस, म्हणजे रोगप्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटण्याचा (ऑटोइम्यून) आजार, आणि त्याच्या मागोमाग मूत्रपिंड, मेंदू, जन्मभराच्या गोळ्या. डॉक्टरांची वेळ मिळते आठवड्यानंतरची, आणि मधला आठवडा झोप उडवतो. हा रिपोर्ट नेमकं काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे कळलं तर ती धास्ती बरीच कमी होते.

प्रतिपिंडं म्हणजे जंतूंना धरण्यासाठी शरीर बनवतं ती प्रथिनं. त्यांतल्या आपल्याच पेशींच्या केंद्रकातल्या घटकांना चिकटणाऱ्या प्रतिपिंडांना एएनए म्हणतात. ते शोधण्याची मूळ पद्धत अशी: रक्त गोठल्यावर वर राहणारा पिवळसर द्रव, म्हणजे सीरम, घ्यायचा आणि ठरलेल्या प्रमाणात पातळ करायचा. एका भागाचे ४० भाग केले की १:४०, मग ८०, १६०, ३२०, ६४०. हा थेंब काचपट्टीवर ठेवायचा. त्या पट्टीवर हेप-टू नावाच्या मानवी पेशी वाढवलेल्या असतात. या पेशी घशाच्या कर्करोगातून आल्या असं अनेक वर्षं मानलं जायचं, पण त्या मुळात १९५१ साली बाल्टिमोरमध्ये वारलेल्या हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतल्या पेशींचेच वंशज असल्याचं नंतर दिसून आलं. सीरममध्ये प्रतिपिंडं असतील तर ती या पेशींच्या केंद्रकांना चिकटतात. पट्टी धुऊन त्यावर चमकणारं रसायन जोडलेली दुसरी प्रतिपिंडं टाकतात आणि अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. काळ्या पार्श्वभूमीवर हिरवी केंद्रकं उजळलेली दिसतात. कधी पूर्ण गोळा एकसारखा उजळतो, कधी नुसते ठिपके दिसतात. त्या ठिपक्यांनाच रिपोर्टमध्ये स्पेकल्ड म्हणतात.

सीरम किती पातळ करेपर्यंत चमक दिसते, म्हणजे रिपोर्टवर कुठला आकडा येतो, हे बहुतेक ठिकाणी माणसाचा डोळा ठरवतो. त्यामुळे एका लॅबचं १:८० दुसऱ्या लॅबमध्ये १:१६० येऊ शकतं, आणि त्याचा अर्थ आठवड्याभरात आजार दुप्पट झाला असा होत नाही. काही लॅब ही तपासणी एलायझा पद्धतीने, म्हणजे सूक्ष्मदर्शकाऐवजी यंत्राने मोजून, करतात. तिचा आकडा वेगळ्या मापात येतो आणि या आकड्यांशी त्याची तुलना करता येत नाही. रिपोर्टवर पद्धत लिहिलेली असते, ती आधी वाचावी.

आता मुख्य गोष्ट. १९९७ साली इंग टॅन आणि सहकाऱ्यांनी १५ प्रयोगशाळांच्या मदतीने निरोगी माणसांचं रक्त तपासलं. १:४० या पातळीला ३१.७ टक्के निरोगी माणसं पॉझिटिव्ह निघाली. १:८० ला १३.३ टक्के, १:१६० ला ५ टक्के आणि १:३२० लाही ३.३ टक्के. म्हणजे धडधाकट माणसांनी भरलेल्या एसटीत चार-पाच जण तरी १:८० ला पॉझिटिव्ह निघतील आणि त्यांना त्याचा कधी पत्ताही लागणार नाही.

हिशोब आणखी पुढे नेऊ. समजा एक लाख लोकांची सरसकट तपासणी केली आणि त्यांत ल्युपसचे ५० रुग्ण आहेत. ते जवळजवळ सगळे पॉझिटिव्ह येतील, कारण ल्युपसमध्ये ही तपासणी क्वचितच निगेटिव्ह येते. पण त्यांच्याबरोबर १३ हजारांहून जास्त निरोगी लोकही पॉझिटिव्ह येतील. लक्षणं न बघता नुसता रिपोर्ट धरला तर अडीचशेहून अधिक पॉझिटिव्ह माणसांमागे खरा रुग्ण एक. म्हणूनच या तपासणीचा निगेटिव्ह निकाल ल्युपसची शंका दूर करायला फार उपयोगी, आणि एकटा पॉझिटिव्ह निकाल निदानासाठी फार तोकडा. २०१९ साली युरोप आणि अमेरिकेच्या संधिवाततज्ज्ञांनी मिळून ठरवलेल्या ल्युपसच्या निकषांतही १:८० ही फक्त दारातली अट आहे. आत गेल्यावर ताप, पुरळ, सांधे, मूत्रपिंड, रक्तपेशी यांचे गुण मोजावे लागतात. 'फुल बॉडी' पॅकेजमध्ये कुठलंही लक्षण नसताना एएनए करून घेणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण, असं माझं स्पष्ट मत आहे.

निरोगी शरीरात अशी प्रतिपिंडं मुळात असतातच कशाला? रोगप्रतिकारक पेशी जंतूंना ओळखण्यासाठी असंख्य वेगवेगळे नमुने तयार करतात, त्यांतले काही आपल्याच शरीराला चिकटणारे निघतात. बरेचसे सुरुवातीलाच बाद होतात, काही निसटतात. निसटलेल्यांना काबूत ठेवणाऱ्या नियामक टी पेशी असतात. या पेशींवरच्या शोधासाठी २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मेरी ब्रन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळालं. थोडी स्वप्रतिपिंडं आणि त्यांच्यावर पक्का बंदोबस्त, ही नेहमीची अवस्था. आजार होतो तो बंदोबस्त ढिला पडल्यावर.

बाकीच्या कारणांनीही रिपोर्ट बिघडतात. क्षयाच्या उपचारातल्या आयसोनियाझिडने एएनए पॉझिटिव्ह येऊ शकतं. थायरॉइडचा हाशिमोटो आजार असेल तरीही येतं. आरए फॅक्टर नावामुळे थेट आमवाताचा (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, आरए) वाटतो, पण तो हिपॅटायटिस सी, क्षय, कुष्ठरोग यांत आणि नुसत्या वाढत्या वयातही सापडतो. उलट आमवात असूनही काही जणांत तो निगेटिव्ह राहतो. म्हणून त्याच्या जोडीला जास्त नेमकी अशी अँटी-सीसीपी तपासणी करतात. शरीरातला दाह दाखवणारा ईएसआर तर रक्त कमी असलं तरी चढतो, गरोदरपणात चढतो, वयाबरोबर चढतो. महाराष्ट्रात चिकुनगुनियाच्या साथी येऊन गेल्यात, २००६ ची अनेकांना आठवत असेल, २०२४ मध्येही पुष्कळ रुग्ण होते. हा ताप उतरल्यावर सांधे महिनोन्‌महिने सुजलेले राहू शकतात आणि हुबेहूब आमवातासारखे दिसतात. गेल्या वर्षभरात तसा ताप आला होता का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

केसगळतीच्या गोळ्यांबद्दल तर मुद्दाम सांगायला हवं. त्यांत बायोटिन असतं, कित्येकदा ५ किंवा १० मिलिग्रॅम, आणि शरीराची रोजची गरज असते साधारण ३० मायक्रोग्रॅमची. थायरॉइडच्या अनेक तपासण्यांत रसायनं एकमेकांना धरून ठेवण्यासाठी बायोटिनचाच वापर केलेला असतो. रक्तात ते जास्त असलं की यंत्र फसतं: टीएसएच खोटा कमी, टी-थ्री आणि टी-फोर खोटे जास्त, आणि काही वेळा थायरॉइडविरोधी प्रतिपिंडंही खोटी पॉझिटिव्ह. कागदावर पाहिलं तर ग्रेव्हज हा थायरॉइड जास्त काम करण्याचा ऑटोइम्यून आजार उभा राहतो. केस गळतात म्हणून गोळी, गोळीमुळे चुकीचा रिपोर्ट, आणि त्या रिपोर्टवरून नको ते औषध. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. रक्त देण्याच्या किमान दोन-तीन दिवस आधी ही गोळी बंद ठेवावी, मोठा डोस असेल तर किती दिवस ते लॅबला विचारावं.

मग काळजी कधी करायची? सकाळी उठल्यावर बोटं अर्धा-पाऊण तास वळतच नाहीत. उन्हात गेलं की गालांवर आणि नाकावर लाल पुरळ उठतं. तोंडात न दुखणारे व्रण येतात. गार पाण्यात हात घातला की बोटं पांढरीफटक, मग निळी, मग लाल होतात. खोल श्वास घेताना छातीत टोचतं. लघवीला फेस येतो, पाय सुजतात. यातलं काही असेल तर तोच १:८० वेगळ्या अर्थाने वाचायचा, आणि संधिवाततज्ज्ञांना दाखवायला उशीर करायचा नाही. गावात संधिवाततज्ज्ञ नसतील तर आधी एमडी फिजिशियनकडे जा.

त्या भेटीत महागड्या पॅनेलच्या आधी साध्या तपासण्या मागे राहू नयेत. सीबीसीमध्ये पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट कमी आहेत का, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन किती, आणि लघवीत प्रथिनं किंवा रक्तपेशी आहेत का. ल्युपसमध्ये मूत्रपिंडाला त्रास सुरू होतो तेव्हा दुखत काहीच नाही, आणि स्वस्तातली लघवीची तपासणी तो आधी पकडते. डीएस-डीएनए, सी-थ्री, सी-फोर या ल्युपससाठीच्या पुढच्या रक्ततपासण्या त्यानंतर, गरजेप्रमाणे. एएनए मात्र दर तीन महिन्यांनी पुन्हा करण्यात अर्थ नाही, त्याचा आकडा आजाराच्या चढउताराबरोबर हलत नाही. लक्षणांची नोंद ठेवणं जास्त कामाचं: तारीख, कुठला सांधा, सूज की नुसतं दुखणं, पुरळ आलं तर त्याच दिवशी काढलेला फोटो. भेटीच्या दिवशी पुरळ नेमकं गेलेलं असतं.

दुसऱ्या टोकाचं दुःखही तितकंच खरं आहे. ल्युपसच्या दहा रुग्णांत साधारण नऊ स्त्रिया असतात, आणि 'टेन्शन घेऊ नकोस', 'रक्त कमी असेल' यावर त्यांची वर्षं जातात. काही जणी कंटाळून कुणीतरी दिलेली बिनलेबलची पुडी सुरू करतात. अशा पुड्यांत स्टिरॉइड सापडलेलं आहे. त्याने दुखणं थांबतं, लक्षणं झाकली जातात, निदान लांबतं, आणि पुडी एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकतं. पॉझिटिव्ह रिपोर्ट असून आजार नसणं जसं शक्य आहे, तसंच आजार अर्धवट उमललेला असणंही शक्य आहे. २००३ साली अमेरिकी सैन्याच्या साठवलेल्या रक्तनमुन्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे ल्युपस झालेल्या १३० जणांचे जुने नमुने काढून पाहिले, तर ११५ जणांत निदानाआधीच स्वप्रतिपिंडं होती, काहींत तर नऊ वर्षांहून आधी. म्हणून डॉक्टर 'सध्या औषध नको, सहा महिन्यांनी या' म्हणतात तेव्हा ती सहा महिन्यांची तारीख पाळायची असते. मधल्या काळात नवीन लक्षण आलं तर तारखेची वाट बघायची नाही.

एक प्रतिपिंड मात्र असं आहे की बाई ठणठणीत असली तरी ते नोंदवून ठेवायलाच हवं. त्याचं नाव अँटी-आरओ, काही रिपोर्टमध्ये एसएसए. गरोदरपणी ते वारेतून बाळापर्यंत पोचतं आणि क्वचित, पहिल्या वेळी सुमारे २ टक्के गर्भांत, हृदयाच्या ठोक्यांची विद्युतवाट अडवतं. हे आधी माहीत असलं तर साधारण सोळाव्या ते सव्विसाव्या आठवड्यादरम्यान बाळाचं हृदय सोनोग्राफीने तपासत राहता येतं. आधीच्या बाळाला असा त्रास झाला असेल तर पुढच्या खेपेला धोका बराच वाढतो, आणि ल्युपसमध्ये वापरलं जाणारं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध लवकर सुरू केल्याने तो कमी होतो हे २०२० च्या अभ्यासात दिसलं आहे. ज्यांच्या रिपोर्टमध्ये हे नाव आहे त्यांनी मूल हवं असा विचार सुरू होतानाच तो कागद प्रसूतितज्ज्ञांना दाखवावा.