निद्राश्वासरोधावरील उपचारानंतरचे मानसिक बदल

झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग पुनःपुन्हा मिटण्याच्या विकाराला निद्राश्वासरोध म्हणतात. दवाखान्यात आणि घरी मात्र स्लीप ॲप्निया हेच नाव चालते. त्यावरचा प्रमुख उपचार म्हणजे सीपॅप, अर्थात मास्कवाटे सतत ठराविक दाबाची हवा देणारे यंत्र. ते सुरू केल्यावर रुग्णाची मनःस्थिती, स्वभाव, स्वप्ने व स्मरण यांत जे फेरफार होतात, त्यांचा विचार या नोंदीत सोलापूर शहरातील राहणीच्या संदर्भाने केला आहे. हे फेरफार बहुधा सुखावह असतात; पण सर्वांत नाही, आणि पहिल्या रात्रीपासून तर नाहीच.

संज्ञा : ॲप्निया हा शब्द ग्रीक असून त्याचा अर्थ ‘श्वास नसणे’ असा होतो. या अर्थी ‘अश्वसन’ हा मराठी पर्याय शब्दशः बरोबर आहे. पण या विकारात श्वास घेण्याची धडपड चालूच असते, वाट तेवढी बंद असते. म्हणून ‘रोध’ हे पद येथे पसंत केले आहे. ‘घोरणे’ या क्रियापदाच्या व्युत्पत्तीविषयी एकवाक्यता नाही. धातुपाठात ‘घुर भीमार्थशब्दयोः’ असा धातू येतो व त्यात भय आणि ध्वनी हे दोन्ही अर्थ सांगितले आहेत. त्यावरून घोरणे आणि ‘जिवाला घोर लागणे’ यातला घोर ही एकाच मुळाची दोन रूपे मानता येतात, आणि प्रस्तुत विषयाला ती जोडी मोठी सोयीची आहे. मात्र कन्नडमध्ये ‘गोरके’ आणि तेलुगूमध्ये ‘गुरक’ हे शब्द याच अर्थाने रूढ आहेत. ते पाहता निदान क्रियापद तरी मूळचे ध्वनीची नक्कल करणारे असावे, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. मराठी, कन्नड व तेलुगू एकाच गल्लीत नांदणाऱ्या सोलापुरात कोणता शब्द कुठून कुठे गेला हे ठरवणे अवघडच. ‘रात्री दम अडकतो’ ही तक्रार तिन्ही भाषांतल्या घरांतून येते.

पूर्वेतिहास : दिवसा पेंगणाऱ्या स्थूल माणसांचे वर्णन वैद्यकात जुने आहे. १९५६ साली अमेरिकी डॉक्टर बरवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी, एका इंग्रजी कादंबरीतील सदा पेंगणाऱ्या पोऱ्यावरून आलेले ‘पिकविकियन’ हे विशेषण वापरून, अशा रुग्णाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ते विशेषण वैद्यकीय लेखनात त्याआधीही आलेले होते, त्यामुळे नामकरणाचे श्रेय एकट्या बरवेल यांना देणे सैलपणाचे होईल. पेंगण्याचे कारण त्यांनी रक्तात साठणारा कार्बन डायऑक्साइड हे मानले. १९६५ मध्ये फ्रान्समधील मार्सेय येथे गास्तो आणि सहकाऱ्यांनी, व त्याच वर्षी जर्मनीत युंग आणि कुहलो यांनी रुग्णांच्या झोपेची रात्रभर नोंद घेतली, तेव्हा श्वास वारंवार थांबतो व प्रत्येक वेळी झोप मोडते असे दिसले. मानसिक लक्षणे रक्तातील वायूंमुळे की मोडक्या झोपेमुळे, हा वाद तेथून सुरू होतो आणि थोड्याफार बदललेल्या रूपात आजही चालू आहे. प्रस्तुत नोंदीचा कल मोडक्या झोपेला अधिक वजन देण्याकडे आहे. पण प्राणवायूच्या चढउताराचा वाटा नाकारता येत नाही. १९७६ च्या सुमारास गिलमिनो व त्यांच्या अमेरिकेतील सहकाऱ्यांनी या विकाराला लक्षणसमूहाचे रूप दिले. तोवर गंभीर रुग्णासाठी गळ्याला छिद्र पाडण्याची शस्त्रक्रिया हाच खात्रीचा इलाज होता. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी पाच रुग्णांवर नाकावाटे दाबाची हवा वापरल्याचे प्रसिद्ध केले. पुढे या उपचाराची मोजदाद प्रामुख्याने श्वास आणि पेंग यांचीच झाली. मनाकडे लक्ष जायला आणखी काही वर्षे गेली.

कारणमीमांसा : श्वास किमान दहा सेकंद थांबला तर तो एक रोध धरतात. तासाला असे रोध आणि अर्धवट अडथळे मिळून पाचपर्यंत असतील तर सामान्य, तीसहून अधिक झाल्यास विकार तीव्र मानतात. तीसचा अर्थ दर दोन मिनिटांनी एकदा मेंदूला जाग येणे. रुग्णाला ही जाग आठवत नाही. सकाळी त्याला एवढेच जाणवते, की आठ तास झोपूनही डोके जड आहे आणि चहाच्या कपावरून घरात भांडण झाले आहे. स्वप्नांच्या निद्रावस्थेत घशाचे स्नायू सर्वांत ढिले असतात, त्यामुळे पुष्कळ रुग्णांत तीच अवस्था सर्वाधिक मोडते. भावनांच्या निचऱ्याशी तिचा संबंध असावा असे मानले जाते. चिडचिड, विसरभोळेपणा, उदासी आणि कामात लक्ष न लागणे ही लक्षणे त्यामुळे नैराश्यासारखी दिसतात, आणि कित्येकदा खरोखर नैराश्यही असते. त्या दोहोंत भेद करणे हीच या विषयातली खरी अडचण आहे.

बदलांचे स्वरूप : पहिल्या काही रात्री दबलेली स्वप्नावस्था व गाढ झोप उसळून येते. स्वप्ने लांबलचक, रंगीत, कधी भीतिदायक पडतात. वर्षानुवर्षे स्वप्नच न पडलेला माणूस मेलेल्या वडिलांशी बोलून उठतो आणि दिवसभर हळवा राहतो. ही उसळी सहसा काही दिवसांत ओसरते. याच काळात उलट दिशेचे बदलही होतात. मास्कने कोंडल्यासारखे वाटणे, श्वास सोडताना हवा अंगावर आल्यासारखी होणे, पोटात वारा भरणे, तोंड कोरडे पडणे यांमुळे झोप आणखी मोडते व चिडचिड वाढते. मास्क लावल्यावर आपण आजारी दिसतो ही लाजही असते, विशेषतः नवविवाहितांत व एकाच खोलीत सारे कुटुंब झोपते तेथे.

जोडीदाराची रात्रही बदलते, याचा उल्लेख ग्रंथांतून क्वचितच येतो. वीस वर्षे घोरण्याच्या आवाजाला सरावलेली बायको त्या शांततेने दचकून उठते, अंधारात नवऱ्याच्या छातीवर हात ठेवून श्वास चालू आहे ना ते पाहते आणि मग मास्कमधून येणारी बारीक सुसू ऐकून पुन्हा आडवी होते. मागाची खटखट रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या पेठांत, माग थांबला की झोप मोडते असे म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

पेंग सर्वांत आधी कमी होते, पुष्कळांत पहिल्या आठवड्यातच. ती मोजण्यासाठी १९९१ पासून मेलबर्नच्या मरे जॉन्स यांची आठ प्रश्नांची एपवर्थ श्रेणी वापरतात. २४ पैकी दहाहून अधिक गुण म्हणजे दिवसाची झोप जादा. मनःस्थिती सुधारायला आठवडे ते महिने लागतात. स्मरण व निर्णयशक्ती यांची सुधारणा सर्वांत सावकाश आणि सर्वांत अनिश्चित आहे.

अभ्यास व मतभेद : पश्चिम ऑस्ट्रेलियातील २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीचे आकडे नेहमी दिले जातात. उपचारापूर्वी २९३ रुग्णांपैकी २१३ जणांत, म्हणजे सुमारे ७३ टक्क्यांत, नैराश्याची लक्षणीय चिन्हे होती. तीन महिने रोज सरासरी किमान पाच तास यंत्र वापरलेल्या २२८ जणांत ती नऊ जणांपुरती उरली. आकडे ठळक आहेत, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि नेटाने यंत्र वापरणारेच मोजले गेले. शिवाय नैराश्याच्या नऊ प्रश्नांच्या प्रचलित प्रश्नावलीत झोप, थकवा व एकाग्रता हे तीन प्रश्न आहेत. झोप सुधारली की ते गुण आपोआप उतरतात. यावरून सुधारणा खोटी ठरत नाही, मात्र किती भाग ‘मनाचा’ व किती ‘झोपेचा’ हे त्या मापाने कळत नाही.

नियंत्रित, म्हणजे तुलनेचा गट ठेवलेल्या, चाचण्यांतील परिणाम माफक आहे. अशा अनेक चाचण्यांच्या २०१४ मधील एकत्रित विश्लेषणात नैराश्याची लक्षणे उपचाराने कमी झाल्याचे दिसले. ज्यांच्यात ती मुळात जास्त होती त्यांना फायदाही जास्त झाला. हृदयविकार वा पक्षाघात आधीच असलेल्या सुमारे २,७०० रुग्णांच्या, भारतासह सात देशांत झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सेव्ह’ चाचणीत सीपॅपमुळे पुढचे हृदयाचे वा मेंदूचे झटके टळले नाहीत, पण पेंग कमी झाली व मनःस्थिती सुधारली. यंत्राचा वापर तेथे रात्री सरासरी ३.३ तासच होता, हे विसरता कामा नये. बुद्धिकौशल्यांबाबत १,००० हून अधिक रुग्णांची, खोट्या यंत्राशी तुलना करणारी ‘ॲपल्स’ चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीव्र रुग्णांत दोन महिन्यांनी थोडा लाभ दिसला, सहा महिन्यांनी तो टिकला नाही. त्यामुळे ‘मशीन लावले की डोके तल्लख होते’ या विक्रेत्यांच्या आश्वासनाला तूर्त भक्कम आधार नाही. ‘निवांत वाटते, चिडचिड कमी झाली’ या रुग्णांच्या बोलण्याला तो आहे.

सावधगिरी : उपचारानंतर मनःस्थिती अतिउत्साहाकडे झुकल्याचे, क्वचित भ्रम झाल्याचे तुरळक रुग्णवृत्तांत आहेत. द्विध्रुवी विकार (बायपोलर, म्हणजे आलटून पालटून अतिउत्साह व नैराश्य) असलेल्यांत पहिले काही आठवडे घरच्यांनी झोपेचे तास, बडबड व खर्च यांवर नजर ठेवणे इष्ट. बरे वाटू लागले म्हणून मानसोपचाराची गोळी स्वतःहून बंद करणे ही नेहमीची चूक. गोळ्या कमी करायच्या त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू. दारू व काही झोपेच्या गोळ्या घसा आणखी ढिला करतात. यंत्र नीट वापरूनही काहींत पेंग उरते. त्यांच्यात नैराश्य, थायरॉइडचा विकार, अपुरे तास किंवा रातपाळी यांचा शोध घ्यावा लागतो.

सोलापूरमध्ये : येथील यंत्रमाग, चादर व टॉवेलच्या उद्योगात रातपाळी जुनी आहे. पाळी बदलणाऱ्या कामगाराची झोप मोडण्यास श्वासाखेरीज दुसरेही कारण असते, म्हणून यंत्र लावून फरक पडला नाही असे म्हणण्याआधी त्याच्या पाळ्यांचे वेळापत्रक पाहणे योग्य. कापसाच्या तुसांनी नाक चोंदणाऱ्यास मास्क नकोसा होतो. नाकाचा इलाज आधी करावा लागतो. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा गरम हवा तोंडावर घेणे असह्य होते. गच्चीवर झोपायला जाणारे यंत्र खाली ठेवून जातात. वीज गेल्यावर यंत्र थांबते आणि गुदमरल्याच्या भासाने घाबरून उठण्याचा अनुभव मनात रुतून बसतो. मास्कमध्ये श्वास सोडण्याची छिद्रे असतात हे आधीच समजावून सांगितले, तर ही भीती बरीच कमी होते. आर्द्रक (हवा ओलसर करणारा भाग) असलेल्या यंत्रात शुद्ध केलेले पाणी घालतात. काही दिवसांआड येणारे नळाचे पाणी उकळले तरी त्यातील क्षार तळाशी साचतात.

जानेवारीत मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेचे दिवस, काठ्यांची मिरवणूक आणि पाहुण्यांनी भरलेले घर यांमुळे वापर तुटतो. उपचार थांबवल्यावर श्वासरोध काही दिवसांतच परततो व पेंगही पुन्हा येते, असे २०११ मध्ये झुरिक येथून प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. यात्रा आटोपल्यावर घरात पुन्हा सुरू झालेली कुरबुर थकव्याची मानली जाते, ती बंद ठेवलेल्या यंत्राचीही असू शकते.

बिडी वळणाऱ्या व घरकाम करणाऱ्या मध्यमवयीन स्त्रियांत चित्र वेगळे असते. रजोनिवृत्तीनंतर हा विकार स्त्रियांत वाढतो, मात्र तक्रार घोरण्याची नसून झोप न लागणे, थकवा, डोके दुखणे व उदासी अशी येते. ‘टेन्शन’ म्हणून गोळी मिळते आणि झोपेची तपासणी राहून जाते.