साठी बुद्धी नाठी, पण विशीचं काय?

सकाळी अंबाझरीला फिरताना शेजारचे काका मध्येच थांबले. जुन्या सहकाऱ्याचं नाव आठवेना. 'काय करतं बापा, साठी बुद्धी नाठी!' म्हणत स्वतःच हसले. परतताना तर्री-पोह्याच्या ठेल्यावर त्यांचा इंजिनिअरिंगला असलेला नातू गाडीची चाबी विसरून आला. त्याला कुणी म्हण ऐकवली नाही. विशीसाठी तशी म्हणच नाही.

म्हातारपणाबद्दलची मतं म्हातारपणी बनत नाहीत. मालिकेतली सतत खोकणारी आजी, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारे आजोबा, व्हॉट्सअ‍ॅपवरचे विनोद, हे सगळं लहानपणापासून आत साचतं. तेव्हा ते 'इतरांबद्दल' असतं, म्हणून कुणी तपासून घेत नाही. पुढे वय झालं की तेच आपल्याला चिकटतं.

याचा शरीराशी काय संबंध? येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही यांनी अमेरिकेतल्या ओहायोमधल्या एका गावच्या, पन्नाशी ओलांडलेल्या 660 जणांची माहिती तपासली. 1975 मध्ये या लोकांना स्वतःच्या वाढत्या वयाबद्दल काय वाटतं ते विचारलेलं होतं. 2002 च्या निष्कर्षानुसार, वयाबद्दल बरं बोलणारे इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले; तब्येत आणि आर्थिक स्थिती हिशेबात धरूनही. अर्थात, नुसत्या विचारानेच आयुष्य वाढलं, असं यावरून छातीठोकपणे म्हणता येत नाही.

पण विचार शरीरापर्यंत पोचण्याची वाट दिसते. 'वय झालं, गुडघे दुखणारच' असं ठरवलेला माणूस डॉक्टरकडे जात नाही, फिरणं सोडतो, मग गुडघा आणखी आखडतो. शिवाय 'आपण आता निकामी' हा ताण शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वाढवतो. ते वर्षानुवर्षं चढं राहिलं तर हृदयाला बाधतं.

आणि बुद्धीचं म्हणाल तर म्हण अर्धीच खरी. झटपट विचार करण्याचा वेग तिशीनंतरच हळूहळू उतरू लागतो, नावं ओठांवर येऊन अडतात. शब्दसंग्रह मात्र साठीपर्यंत वाढत राहू शकतो. काकांशी शब्दकोड्यात पैज लावून बघा, मी तीनदा हरलोय.

परवा सुभाषनगरहून मेट्रोत आम्ही सोबत होतो. एका तरुणाने उठून जागा दिली. काकांनी सीटच्या वरच्या, ज्येष्ठांसाठी राखीव असल्याच्या चित्राकडे पाहिलं, कमरेत वाकलेला, काठीवाला. 'हा कोण बुढा?' म्हणाले, आणि सीताबर्डीपर्यंत उभेच राहिले.