टारफुल्याला फसवणारी वैरण

ज्वारीच्या शेतात टारफुला दिसला की जाणता शेतकरी धास्तावतो, कारण रोप जमिनीवर येण्याआधीच त्याने ज्वारीच्या मुळाला चिकटून तिचे पाणी आणि अन्न ओढायला सुरुवात केलेली असते. याच तणाचा जांभळ्या फुलांचा भाऊबंद पश्चिम केनियात, व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरातील मक्यात माजतो. तिथले लुओ लोक त्याला ‘कायोंगो’ म्हणतात. त्याच्या एका रोपाला धुळीइतक्या बारीक हजारो बिया धरतात आणि त्या दहा वर्षांहून अधिक काळ मातीत जिवंत राहू शकतात.

त्यावरचा उपाय हाती लागला तो दुसऱ्याच शत्रूचा पाठलाग करताना. 1990 च्या दशकात केनियातील ‘इसिपे’ ही कीटकविज्ञान संस्था आणि इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड संस्था यांचे शास्त्रज्ञ मक्यावरील खोडकिडीचा बंदोबस्त शोधत होते. झेयाउर खान आणि जॉन पिकेट त्यांत अग्रभागी होते. मक्याच्या ओळींमध्ये त्यांनी डेस्मोडियम ही द्विदल वैरण लावली, तर शेताच्या कडेने हत्ती गवत. डेस्मोडियमच्या वासाने खोडकिडीचे पतंग दूर जातात आणि हत्ती गवताकडे अंडी घालायला ओढले जातात. खोडकीड तर कमी झालीच, शिवाय डेस्मोडियमच्या शेजारी कायोंगो जवळजवळ दिसेनासा झाला.

दाट पसरणारे कोणतेही द्विदल पीक सावलीने तण दाबते. आपल्याकडे कडवळात किंवा मक्यात चवळी पेरतात तेव्हाही हेच घडते. तिच्या मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतला नत्रही स्थिर करतात. गाठ नखाने फोडल्यावर आत गुलाबी रंग दिसला, तर ते काम चालू आहे असे समजावे. परंतु केवळ सावली आणि नत्र यांनी कायोंगो इतका हटला नसता.

खरे उत्तर मुळांतून पाझरणाऱ्या रसायनांत सापडले. कायोंगोचे बी यजमान पिकाच्या मुळाकडून रासायनिक इशारा मिळाल्याशिवाय रुजत नाही. डेस्मोडियमची मुळे तसाच इशारा देणारी द्रव्ये सोडतात, त्यामुळे बी फसून रुजते. मात्र त्याच मुळांतली दुसरी द्रव्ये कोवळ्या अंकुराच्या मुळाची वाढ खुंटवतात, आणि मक्याला चिकटता न आल्याने तो उपासमारीने मरतो. मातीतला बियांचा साठा अशा रीतीने हंगामागून हंगाम आटत जातो. मला या पद्धतीतले हेच सर्वांत मोलाचे वाटते, कारण खुरप्याने वरचे रोप निघते, खालचे बी तसेच राहते.

डेस्मोडियम बहुवर्षायू असल्याने एकदा लावले की काही वर्षे कापता येते, आणि प्रथिनांत कमी पडणाऱ्या हत्ती गवतात ते मिसळले की गाईला चांगली वैरण मिळते. पहिला हंगाम मात्र कष्टाचा असतो: बी बारीक, वाढ सावकाश, म्हणून सुरुवातीला निंदणी चुकत नाही. कोरड्या भागांत आधीची रुपेरी पानांची जात तग धरत नव्हती. तिथे आता अवर्षण अधिक सोसणारी हिरव्या पानांची जात आणि कडेला हत्ती गवताऐवजी ब्राकियारिया गवत लावतात.