ग्रहणात विळी धरली म्हणून ओठ फाटत नाही

ग्रहण जवळ आलं की मेसेज फिरतोच: गरोदर बाईनं चिरलं-कापलं तर बाळाचा ओठ फाटका होतो. सोलापुरात आजही कितीतरी घरांत सुनेला तेवढा वेळ आडवं झोपवून ठेवतात, विळी माळ्यावर जाते. भीती काळजीपोटीच असते.

पण हिशोब बघा. पोटातल्या बाळाचा चेहरा दोन्ही बाजूंनी वाढत मध्ये जुळतो. गर्भ राहिल्यापासून ओठ साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात, टाळू (तोंडाचं आतलं छत) साधारण नवव्यापर्यंत. जुळणी राहिली तर फट उरते. म्हणजे सातव्या महिन्यात कांदा चिरून जुळलेला ओठ फाटणार कसा? आनुवंशिकता, धूम्रपान, आटोक्यात नसलेला मधुमेह, फिटची काही औषधं यांनी धोका वाढतो (औषध मात्र मनानं बंद करू नका). पुष्कळदा नेमकं एक कारण सापडतही नाही.

पडताळा घरीच घ्या. बाळंतपणाच्या फाइलमधून पाळीची शेवटची तारीख काढा, त्यात दोन आठवडे मिळवा (गर्भ साधारण तेव्हा राहतो), तिथून चौथा ते नववा आठवडा मोजा आणि भिंतीवरच्या त्या वर्षीच्या कॅलेंडरात ग्रहण शोधा. बहुतेकदा सापडणारच नाही.

‘तूच चिरलंस’ हे ऐकत बसलेल्या आईला खरी मदत हवी असते ती दूध पाजताना. बाळाला जरा उभं धरायचं, मध्ये मध्ये ढेकर काढायचा. ओठाचं ऑपरेशन सहसा तीन ते सहा महिन्यांत होतं.