मिठाचा हिशेब कोठारातून

२०२५ च्या जुलै महिन्यात नागपूरच्या एम्समुळे समोसा आणि जिलेबी देशभर चर्चेचा विषय झाले. पदार्थांतील तेल आणि साखरेची माहिती देणारे फलक कार्यालयांत व उपाहारगृहांत लावावेत, ही केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची सूचना होती. नागपूरच्या एम्समध्ये असे फलक लागणार म्हटल्यावर तिचा अर्थ सिगारेटच्या पाकिटावरील इशाऱ्यासारखा लावला गेला आणि मंत्रालयाला खुलासा करावा लागला. फलक उपयोगाचा आहे, पण ज्याला पदार्थ निवडता येतो त्याच्यापुरताच. वसतिगृहातील विद्यार्थी, वॉर्डातील रुग्ण आणि कारागृहातील बंदी यांच्यासाठी ही निवड निविदेच्या कागदावर आधीच झालेली असते. त्यामुळे सरकारी अन्नाचे मानक खरे तर खरेदी आणि कोठार यांच्यासाठी लिहिले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सार्वजनिक अन्नखरेदीसाठी जो कृती-आराखडा प्रसिद्ध केला, त्याचा रोखही तोच आहे.

मानक कशात मोजायचे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. शालेय पोषण आहारात प्राथमिकच्या मुलाला ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे ठरलेले आहे. त्यासाठीच्या १०० ग्रॅम तांदळातून सुमारे ३५० किलोकॅलरी मिळतात, २० ग्रॅम डाळीतून सुमारे ७० आणि ५ ग्रॅम तेलातून ४५. बेरीज येथेच साडेचारशेच्या पुढे जाते, आणि तांदूळ व डाळ मिळून प्रथिनेही बाराच्या आसपास पोहोचतात. म्हणजे ताटात भाजीचा तुकडाही नसला, तरी या दोन आकड्यांना त्याचा पत्ता लागत नाही. नियमांत ५० ग्रॅम भाजीचा वेगळा उल्लेख आहे तो म्हणूनच मोलाचा, आणि तपासणीत सर्वांत आधी तोच पाहायला हवा.

भाजी असली तरी तिच्यातील सगळे लोह अंगी लागत नाही. वनस्पतिजन्य लोह आतड्यात कमी शोषले जाते. मात्र त्याच जेवणात ‘क’ जीवनसत्त्व असेल तर शोषण वाढते, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर ते घटते. येथे नागपूरला निसर्गाने हात दिला आहे. आंबिया बहाराची संत्री हिवाळ्याच्या तोंडावर येतात, मृग बहाराची हिवाळा सरताना; शाळा आणि वसतिगृहे या दोन्ही काळांत भरलेली असतात. मानकात नुसते ‘हंगामी फळ’ न लिहिता ‘जेवणाबरोबर संत्रे’ असे लिहिले, तर तोच खर्च अधिक कामी येईल.

मिठाची बाब सर्वांत दुर्लक्षित आहे. पोषण आहाराच्या तक्त्यात धान्य, डाळ आणि तेल ग्रॅममध्ये आहेत, मीठ-मसाला मात्र ‘गरजेनुसार’. प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे; मुलांसाठी मर्यादा त्याहून खाली येते. तिन्ही वेळचे जेवण २०० प्रौढांसाठी रांधणाऱ्या स्वयंपाकघरात त्यामुळे दिवसाला एक किलोसुद्धा मीठ लागता कामा नये, आणि त्यातच लोणचे, पापड व फरसाणातील मीठही आले. ही तपासणी करायला प्रयोगशाळा लागत नाही. महिन्याभरात कोठारातून निघालेल्या मिठाला जेवणाऱ्यांच्या संख्येने आणि दिवसांनी भागले की पुरेसा अंदाज येतो. काही अन्न उरते, काही मीठ पाण्याबरोबर जाते, ही त्रुटी मान्य करूनही हा आकडा ‘गरजेनुसार’पेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे. बाहेरून येणाऱ्या तयार पदार्थांची मर्यादा मात्र निविदेतच घालावी लागते. न्यूयॉर्क शहराने २००८ मध्ये आपल्या सर्व विभागांसाठी अन्नमानके लागू केली, तेव्हा विकत घेतल्या जाणाऱ्या पावातील सोडियमवरही मर्यादा घातली होती.

सावजी रश्श्याच्या गावात अळणी वरण एका दिवसात कोणी गोड मानून घेणार नाही, हेही खरे. पण कमी मिठाची सवय जिभेला काही आठवड्यांत लागते, म्हणून कपात टप्प्याटप्प्याने करावी आणि प्रत्येक टप्प्याचे प्रमाण कोठाराच्या नोंदवहीत आधीच लिहून ठेवावे.